बापाला पिलांपासून लांब का ठेवायचं?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत कुत्रा-कुत्रीची जोडी असेल, तर कुत्री व्यायली की हमखास ऐकू येतं, "बापच आहे तो, जाऊ दे की पिलांजवळ!" काहींना उलट वाटतं, नर पिलांना मारूनच टाकेल. खरा प्रश्न उबेचा आहे, आणि तो दोघांच्याही लक्षात येत नाही.

मोठ्या कुत्र्याच्या अंगाचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं, नवजात पिलाचं पहिल्या आठवड्यात जेमतेम ३५-३६. त्या दिवसांत त्याला कुडकुडताही येत नाही, म्हणजे स्नायू थरथरवून उष्णता तयार करता येत नाही. त्यात आकाराचं गणित आड येतं. २५ किलोचा कुत्रा आणि ४०० ग्रॅमचं पिलू घ्या. पिलाचं वजन सुमारे ६४ पट कमी, लांबी ४ पट कमी, पण कातडीचं क्षेत्रफळ फक्त १६ पट कमी. म्हणजे दर ग्रॅममागे पिलाला चौपट कातडी, आणि उष्णता निसटते ती कातडीतूनच! आईचं पोट आणि भावंडांचा ढीग हाच त्याचा आसरा.

नर दारात आला की कुत्री मान उचलते, अंग ताठ करते, ओठ वर जाऊन सुळे दिसतात. मग ती उठते आणि आचळांना लागलेली पिलं गार फरशीवर पडतात. जानेवारीत इथला पारा ५-६ अंशांवर येतो. पिलाचं अंग ३४ अंशांखाली गेलं की चोखण्याची ताकद जाते, आतडी मंदावतात, पोटातलं दूध पचत नाही. म्हणून गारठलेल्या पिलाला आधी हळूहळू ऊब द्यावी, दूध नंतर.

पिलू दगावलं की नजर लागली म्हणून बाकीच्यांच्या गळ्यात काळा दोरा बांधतात. पिलाचं वजन दहा दिवसांत दुप्पट होतं आणि दोरा गळ्यात रुततो. हे कृपा करून थांबवा.

नर दुष्ट नसतो. बंगालमधल्या मोकाट कुत्र्यांच्या अभ्यासात काही नर पिलांची राखण करताना दिसले आहेत. पण घरात पहिले तीन आठवडे त्याची खोली आणि खाणं वेगळं ठेवावं. नंतर साखळीला धरून, कुत्री शांत असताना, थोडा वेळ भेट घडवावी. ती गुरगुरली तर त्याला लगेच बाहेर न्यावं.

मांजर बाळंतपणानंतर लवकर माजावर येऊ शकते, कुत्री मात्र लगेच येत नाही, बहुधा काही महिने जातात. पिलांमधल्या माद्या मात्र सहाव्या महिन्यापासून माजावर येऊ शकतात आणि बापाला नातं कळत नाही. नसबंदीचं त्याआधीच पशुवैद्याशी बोलून ठरवावं.