उजनी जलाशयाकाठची गावे

पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील भिगवण, कुंभारगाव, पळसदेव, कळाशी आदी गावे आज पाणपसाऱ्याची म्हणून ओळखली जात असली, तरी मुळात हा भीमेकाठचा शेतकरी मुलूख होय. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात भीमेवर बांधलेले उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झाले आणि मागे पसरलेल्या पाण्याने इंदापूर, दौंड व करमाळा तालुक्यांतील नदीकाठची सुपीक जमीन बुडाली. अनेक गावे नव्या गावठाणांत उठून गेली. पळसदेवचे जुने पळसनाथ मंदिर मात्र जागेवरच राहिले.

धरणाची एकूण क्षमता सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट) असून त्यांपैकी जवळजवळ 64 टीएमसी हा मृतसाठा, म्हणजे उपयुक्त पातळीखाली तळाशी राहणारे पाणी आहे. उपयुक्त साठा संपला की धरण 'मायनसमध्ये गेले' असे म्हणतात, आणि काठावरचे जीवन या आकड्यावरच चालते. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीत शेतकरी पीक घेतात, तर उन्हाळ्यात पाणी फार खाली गेल्यास पळसनाथाचे मंदिर पायापर्यंत दिसू लागते. याउलट भरलेल्या जलाशयाने काठावर ऊस आणला. एकाचे रान बुडवून दुसऱ्याचे भिजवणारा हा व्यवहार तालुक्यात अजूनही वादाचा विषय आहे.

मासेमारीत चिलापी (तिलापिया) या माशाला मोठे स्थान असून भिगवणचा मासळीबाजार चिलापीसाठी प्रसिद्ध आहे. मुळा-मुठेतून भीमेत येणारे पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी येथेच साठते. त्या गढूळ पाण्यात चिलापी तग धरते, मूळ स्थानिक माशांना मात्र ते मानवत नाही. लहान आसाच्या जाळ्यांनी मत्स्यबीजही उपसले जाते. हिवाळ्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येतात. त्यांना गुडघाभर पाणी व चिखल लागतो, म्हणून धरण काठोकाठ भरलेल्या वर्षी ते उशिरा व कमी दिसतात. कुंभारगावचे मच्छीमार या हंगामात पर्यटकांना होडीतून पक्षी दाखवतात, आणि काही घरांना यातून जाळ्याइतकाच आधार मिळतो.

पलीकडच्या करमाळा तालुक्यात रस्त्याने जायचे तर मोठा वळसा पडतो, त्यामुळे होडीची ये-जा पूर्वापार चालू आहे. मे 2024 मध्ये कुगावहून कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटून 6 जणांचा मृत्यू झाला.