डिजिटल राजनय

डिजिटल राजनय : परराष्ट्र धोरण राबवताना, वाटाघाटी करताना, परदेशातील आपल्या नागरिकांना मदत करताना आणि परक्या जनतेपुढे आपली बाजू मांडताना राष्ट्रांकडून होणारा इंटरनेट, समाजमाध्यमे व दूरदृश्य बैठकांचा वापर. सायबर हल्ले, डेटाची मालकी आणि बड्या तंत्रज्ञान कंपन्यांशी असलेले संबंध हेही आता वाटाघाटींचे विषय झाले असून तेही या संज्ञेत मोडतात. चर्चा बहुधा नेत्यांच्या ट्वीटचीच होते. राजनयाच्या दृष्टीने मात्र त्याहून मोठा फरक पडला तो वेळेचा : निरोप येणे आणि त्याला उत्तर देणे यांमधली उसंत जवळजवळ संपली आहे.

पेशव्यांचे दिल्लीतील वकील (म्हणजे दरबारातील दूत) हिंगणे यांची पत्रे जासुदांमार्फत पुण्याला जात. उत्तर हाती पडेपर्यंत दरबारातले प्रसंग वकिलाला स्वतःच्या हिकमतीवर निभवावे लागत. एकोणिसाव्या शतकात विजेच्या तारेने हे अंतर तासांवर आणले आणि वकिलाचे स्वातंत्र्य तेवढ्याच प्रमाणात कमी केले. तारेसोबत ती वाटेत चोरून वाचली जाण्याची भीतीही आली. अमेरिकेविरुद्ध हातमिळवणी करू पाहणारी, जर्मनीने १९१७ मध्ये मेक्सिकोला पाठवलेली झिमरमन तार ब्रिटिशांनी उलगडली आणि अमेरिका पहिल्या महायुद्धाच्या आणखी जवळ ओढली गेली. फेब्रुवारी १९९४ मध्ये स्वीडनचे पंतप्रधान कार्ल बिल्ट यांनी व्हिएतनामवरील व्यापारबंदी उठवल्याबद्दल अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांना अभिनंदनाचा ईमेल पाठवला. दुसऱ्या दिवशी त्याचे उत्तर आले. दोन शासनप्रमुखांमधला हा पहिला ईमेल-व्यवहार मानला जातो.

समाजमाध्यमांमुळे वेगाच्या जोडीला प्रेक्षकही आले. पूर्वी एखाद्या देशाची कानउघाडणी करायची तर त्याच्या राजदूताला बोलावून बंद दाराआड खलिता दिला जाई. बाहेर कोणाला काही कळलेले नसल्याने दोन्ही बाजूंना माघार घेता येत असे. ऑगस्ट २०१८ मध्ये कॅनडाच्या परराष्ट्र मंत्रालयाने सौदी अरेबियात अटक झालेल्या महिला हक्क कार्यकर्त्यांच्या तत्काळ सुटकेची मागणी ट्विटरवर केली आणि रियाधमधील दूतावासाने ती अरबीतही प्रसिद्ध केली. म्हणजे राजवाड्याच्या बरोबरीने सौदी प्रजेलाही ती वाचता आली. सौदीने कॅनडाच्या राजदूताला देश सोडायला लावले, नवे व्यापारी करार गोठवले, टोरांटोची विमानसेवा थांबवली आणि कॅनडात शिकणाऱ्या आपल्या हजारो विद्यार्थ्यांना परत बोलावले. संबंध पूर्ववत व्हायला मे २०२३ उजाडले. मागणी नवी नव्हती. ती चारचौघांत झाली, हे रियाधला झोंबले.

याच माध्यमाने कोंडी फुटल्याचीही उदाहरणे आहेत. सप्टेंबर २०१३ मध्ये इराणचे अध्यक्ष हसन रूहानी आणि बराक ओबामा दूरध्वनीवर बोलले. १९७९ नंतर दोन्ही देशांच्या सर्वोच्च पातळीवरचे हे पहिलेच संभाषण होते आणि रूहानींच्या खात्याने ते ट्विटरवरून जाहीर केले. २५ डिसेंबर २०१५ रोजी काबूलहून परतताना लाहोरला थांबणार असल्याचे नरेंद्र मोदी यांनी असेच ट्वीट करून कळवले. १० मे २०२५ रोजी भारत-पाकिस्तान शस्त्रसंधीची बातमी जगाला आधी डोनाल्ड ट्रम्प यांच्या पोस्टमधून कळली. भारताचे परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांचे निवेदन त्यानंतर आले. पुढच्याच दिवशी मिस्रींवर ऑनलाइन शिवीगाळीचा असा मारा झाला की त्यांना आपले खाते बंदिस्त करावे लागले. निर्णय सरकारचा आणि रोष सांगणाऱ्यावर, ही पाळी परराष्ट्र सचिवांवर पूर्वी सहसा येत नसे.

भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने २०१० मध्ये ट्विटरवर खाते उघडले आणि पुढच्याच वर्षी लिबियातून भारतीयांना बाहेर काढताना त्याचा उपयोग झाला. सुषमा स्वराज यांच्या कारकिर्दीत (२०१४–१९) मंत्र्यांचे खाते ही जवळजवळ तक्रार-खिडकीच बनली : हरवलेला पासपोर्ट, आखातात अडकलेला कामगार, परदेशातून आणायचे पार्थिव. कोकणातून आखातात माणसे धाडणाऱ्या घरांना या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको. तक्रारींचा माग ठेवण्यासाठी २०१५ मध्ये ‘मदद’ हे पोर्टलही सुरू झाले. मात्र मंत्र्यांच्या नजरेस पडलेल्या ट्वीटचे काम झटपट आणि रांगेतल्या अर्जाचे सावकाश, असा भेद या पद्धतीत राहतोच. तिच्या कौतुकात तो सहसा नोंदला जात नाही.

कोविडच्या साथीने दूरदृश्य बैठकांना पर्यायच ठेवला नाही. १५ मार्च २०२० रोजी सार्क नेते आणि २६ मार्चला जी-२० नेते पडद्यावर भेटले. त्या सप्टेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत राष्ट्रप्रमुखांची भाषणे ध्वनिचित्रमुद्रित आली. भाषणांपुरते हे भागते. पण परिषदेचे खरे काम बऱ्याचदा जिन्यात, जेवणाच्या टेबलावर किंवा मध्यरात्री मसुद्यातल्या एका ओळीवर अडलेल्या दोघांमध्ये होते, आणि त्याला पडद्यावर जागा नाही. शिवाय गुप्ततेचे काय? नोव्हेंबर २०२० मध्ये नेदरलँड्सच्या संरक्षणमंत्र्यांनी ट्वीट केलेल्या छायाचित्रात बैठकीच्या सांकेतिक क्रमांकाचे बहुतेक आकडे दिसत होते. त्यांच्या आधारे एक डच पत्रकार युरोपीय संरक्षणमंत्र्यांच्या गोपनीय बैठकीत हात हलवत दाखल झाला.

गुप्ततेला याहून मोठा धक्का २०१० मध्येच बसला होता. गोपनीय कागदपत्रे प्रसिद्ध करणाऱ्या विकीलीक्स या संकेतस्थळाने अमेरिकी दूतावासांच्या अडीच लाखांहून अधिक संदेशांचा साठा उघडा करायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी मेक्सिकोतील अमेरिकी राजदूताला राजीनामा द्यावा लागला आणि इक्वादोरने तिथल्या राजदूताची हकालपट्टी केली. दूतावासाची कागदपत्रे १९६१ च्या व्हिएन्ना करारानुसार अनुल्लंघ्य आहेत, पण एका पेनड्राइव्हवर मावणाऱ्या दप्तराला त्या कलमाचे संरक्षण किती? इराणच्या अणुकराराच्या वाटाघाटींत परराष्ट्रमंत्री जवाद झरीफ ट्विटरवर सतत बोलत असले, तरी २०१५ चा करार घडला तो व्हिएन्नातील हॉटेलात, समोरासमोर बसून. या वाटाघाटींसाठी वापरलेल्या हॉटेलांच्या संगणकांतही हेरगिरीची प्रणाली शिरली होती, असे सायबर सुरक्षेतील कॅस्परस्की कंपनीने त्याच वर्षी उघड केले.

राजदूत कोणाकडे पाठवायचा, हेही बदलले आहे. डेन्मार्कने २०१७ मध्ये तंत्रज्ञान-राजदूत नेमून सिलिकॉन व्हॅलीत पाठवला. त्याची बोलणी देशांपेक्षा कंपन्यांशी अधिक. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनच्या उपपंतप्रधानांनी उपग्रह-इंटरनेटची मागणी केली तीही ट्विटरवरून आणि थेट इलॉन मस्क यांच्याकडे. दोन दिवसांत पहिली यंत्रे युक्रेनमध्ये पोचली. २००७ मध्ये मोठा सायबर हल्ला सोसलेल्या एस्टोनियाने तर दूतावासाची कल्पनाच ताणली आहे. २०१७ च्या करारानुसार त्याच्या शासकीय नोंदींच्या प्रती लक्झेंबर्गमधील डेटा केंद्रात ठेवल्या जातात. तिथे राजदूत राहत नाही, ध्वज फडकत नाही. पण एस्टोनियाच्या परवानगीवाचून लक्झेंबर्गच्या अधिकाऱ्यांना त्या खोलीत पाऊल टाकता येत नाही.