कुठला बचनाग?

पुण्यात रविवार पेठेत, बोहरी आळीच्या आसपास काष्ठौषधी विकणारी जुनी दुकानं आहेत. तिथे 'बचनाग' म्हटलं की बोटाच्या पेराएवढं, शंकूसारखं निमुळतं, तपकिरी-काळं मूळ समजलं जातं. ते हिमालयातून येतं. तेच नाव मुळशी-ताम्हिणीकडच्या एखाद्या गावात घेतलं, तर कुणी पावसात कुंपणावर चढलेल्या लाल-पिवळ्या फुलांच्या वेलीकडे बोट दाखवू शकेल. ती वेल म्हणजे कळलावी. मराठीत तिला खड्यानाग म्हणतात, अग्निशिखा म्हणतात आणि काही ठिकाणी बचनागसुद्धा म्हणतात.

दोन्ही विषारी, दोन्ही औषधी. पण दोघांचं विष वेगळं, त्याचा वेग वेगळा आणि मुळातून ते कमी करायची पद्धतही वेगळी. एकाला लागू पडणारी खबरदारी दुसऱ्याच्या बाबतीत जवळजवळ निरुपयोगी ठरते.

आधी हिमालयातला बचनाग. संस्कृतात वत्सनाभ, कारण मुळाचा आकार वासराच्या नाभीसारखा मानला गेला. अ‍ॅकोनिटम या प्रजातीतल्या, उंच थंड डोंगरांवर वाढणाऱ्या वनस्पतींचं हे मूळ. सह्याद्रीत ते उगवत नाही. त्यातली मुख्य द्रव्यं म्हणजे अ‍ॅकोनिटीन आणि त्याचं भावंड स्यूडॅकोनिटीन. आपल्या चेतापेशींच्या आणि हृदयाच्या पेशींच्या आवरणात सोडियमची ये-जा करणारी दारं असतात. ठोका पडताना ती मिलिसेकंदापुरती उघडतात आणि लगेच मिटतात. अ‍ॅकोनिटीन त्या दारात पाचर मारल्यासारखं बसतं आणि दार मिटतच नाही. पेशी पुन्हा पुन्हा पेटत राहते. जिभेवर आधी मुंग्या येतात, मग बधिरपणा, कारण तिथल्या चेतातंतूंचं हेच झालेलं असतं. हृदयात हीच गोष्ट घडली की ठोक्यांची लय मोडते. शुद्ध अ‍ॅकोनिटीन दोन मिलिग्रॅमसुद्धा मोठ्या माणसाला पुरतं. पोस्टकार्डावर बारीक मिठाचे काही कण ठेवले तर तेवढं वजन भरेल.

असं मूळ औषधात कसं आलं, याचं उत्तर शोधनात आहे. आयुर्वेदातला हा विधी कर्मकांड वाटतो, पण त्यामागचं रसायनशास्त्र चोख आहे. मुळाचे हरभऱ्याएवढे तुकडे करतात. ते तीन दिवस गोमूत्रात ठेवतात आणि गोमूत्र रोज बदलतात. मग तुकडे धुऊन, साल काढून, फडक्यात पोटली बांधतात. पातेल्याच्या तोंडावर आडवी काठी ठेवून ती पोटली दुधात लोंबकळत सोडतात. याला दोलायंत्र म्हणतात. मंद आचेवर एक प्रहर, म्हणजे तीन तास उकळवतात, पुन्हा गरम पाण्याने धुतात आणि वाळवतात.

आता यात काय घडतं ते रेणूच्या पातळीवर पाहू. अ‍ॅकोनिटीनच्या मोठ्या सांगाड्याला दोन एस्टर, म्हणजे आम्लापासून बनलेले गट, जोडलेले असतात, एक अ‍ॅसिटिक आम्लाचा आणि एक बेंझोइक आम्लाचा. विषाची धार या दोघांमुळे आहे. पाण्यात उष्णता मिळाली की आधी अ‍ॅसिटिक गट सुटतो आणि बेंझॉइल-अ‍ॅकोनीन उरतं, ज्याची विषारी ताकद शेकडो पटींनी कमी असते. आणखी उकळलं की दुसरा गटही सुटतो. उरतं ते अ‍ॅकोनीन, मूळ विषापेक्षा हजारो पटींनी सौम्य. गोमूत्र किंचित अल्कधर्मी असतं आणि ठेवलं की त्यातल्या युरियाचा अमोनिया होऊन ते अधिक अल्कधर्मी होतं. एस्टर तुटायला असं वातावरण सोयीचं. शिवाय बरंचसं विष नुसतं द्रवात उतरतं, म्हणून गोमूत्र रोज बदलायचं. तेच जुनं ठेवलं तर उतरलेलं विष तुकड्यांच्या भोवतीच राहतं.

चुका कुठे होतात तेही यावरून कळतं. तुकडे मोठे ठेवले तर बाहेरचा थर शुद्ध होतो आणि गाभा कच्चा राहतो. पोटली पातेल्याच्या तळाला टेकली की दूध लागतं, म्हणून घाईने आच कमी केली जाते आणि वेळ भरत नाही. वापरलेलं गोमूत्र आणि दूध दोन्ही विषारी असतात; ते गुरांच्या गव्हाणीत किंवा कुत्र्यापुढे गेलं की संपलं. सर्वांत वाईट चूक म्हणजे दारूत मूळ भिजवून मालिशचं औषध बनवणं आणि नंतर तेच कुणीतरी पोटात घेणं. अल्कोहोल अल्कलॉइड, म्हणजे मुळातली ही विषारी द्रव्यं, छान ओढून घेतं, पण एस्टर मात्र तोडत नाही. चीन आणि हाँगकाँगमध्ये अपुऱ्या उकळलेल्या अ‍ॅकोनिटमच्या काढ्यांनी आणि अशा औषधी दारूने झालेल्या विषबाधांच्या नोंदी भरपूर आहेत. हे सगळं सांगितलं ते घरी करून बघण्यासाठी नव्हे. शोधन पुरेसं झालं की नाही हे डोळ्यांनी दिसत नाही, ते प्रयोगशाळेत मोजावं लागतं. आणि 'जिभेला लावून बघ, झिणझिण्या आल्या तर कच्चा' ही चाचणी तर मूर्खपणाची आहे.

शुद्ध केलेला बचनाग आजही औषधात आहे. ताप-सर्दीत दिला जाणारा त्रिभुवनकीर्ती रस घ्या. त्यात हिंगूळ, बचनाग, सुंठ, मिरी, पिंपळी, टाकणखार आणि पिंपळमूळ समभाग असतात, वर तुळस, आलं, धोत्र्याच्या रसाच्या भावना, म्हणजे त्या रसांत खलून वाळवणं. 125 मिलिग्रॅमच्या गोळीत म्हणजे साधारण 18 मिलिग्रॅम शुद्ध बचनाग. एवढ्याशा वजनात दोन-चार मिलिग्रॅमची चूक किंवा अर्धवट शोधनही जड जातं. शिवाय हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं खनिज. तरीही आजीच्या डबीतून काढून दोन गोळ्या मुलाला देणारी घरं पुण्यात कमी नाहीत. औषध नियम, 1945 च्या ई-1 अनुसूचीत, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत, बचनाग आहे, लांगलीही आहे. अशा औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणं बंधनकारक आहे. वेष्टनच नसेल, पुडी कागदात बांधून मिळाली असेल, तर ती परत करावी.

लांगली म्हणजेच कळलावी. जमिनीतला कंद इंग्रजी एल अक्षरासारखा काटकोनात वळलेला असतो, नांगराची आठवण करून देणारा, आणि लांगल म्हणजे नांगर. पानांची टोकं तणाव्यासारखी, म्हणजे वेलीच्या गुंडाळणाऱ्या तंतूसारखी, वळतात आणि जे मिळेल ते पकडून वेल चढते. फुलाच्या पाकळ्या कडेला नागमोडी, खाली पिवळ्या, वर शेंदरी-लाल, ज्वाळेसारख्या उलट्या वळलेल्या. कोकणात गौरीच्या सणाला हिला 'गौरीचे हात' म्हणून मान. कंदाचा लेप बाळंतपणात पोटावर, तळपायांना लावून कळा आणायची जुनी रीत होती, त्यावरून कळलावी. घरात ठेवली तर भांडणं लागतात हा समज बहुधा नावावरून निघालेला. वेल नाहक बदनाम झाली.

हिच्या कंदात आणि त्याहून जास्त बियांत कोल्चिसीन असतं. पेशी विभागताना गुणसूत्रं दोन बाजूंना ओढणारे सूक्ष्म धागे ते बनू देत नाही. पांढऱ्या पेशींना हलायलाही हेच धागे लागतात, म्हणून गाउटमध्ये, सांध्यात यूरिक आम्लाचे स्फटिक साचून आग होते तेव्हा, अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीने गुण येतो. तमिळनाडूत कळलावीची शेती होते ती या बियांसाठी, आणि ते त्या राज्याचं राज्यपुष्पही आहे. पण गाउटच्या झटक्याला दिवसाला दीड मिलिग्रॅमच्या आसपास देतात आणि सात मिलिग्रॅमनेही मृत्यू झाल्याची नोंद आहे. अंतर इतकंच. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा सोबत क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक चालू असेल तर ते आणखी कमी होतं. कंदात कोल्चिसीन किती, हे जागेनुसार, ऋतूनुसार बदलतं. म्हणजे कंद खाऊन मात्रा पाळणं अशक्यच.

शास्त्रात लांगलीचं शोधन म्हणजे तुकडे एक दिवस गोमूत्रात ठेवणं. कोल्चिसीन पाण्यात विरघळतं, त्यामुळे काही भाग उतरतो. पण ते उष्णतेने सहसा मोडत नाही. 'उकडला की विष जातं' हे बचनागाच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरं, इथे खोटं. श्रीलंकेत हा कंद रताळं किंवा दुसरा खाण्याजोगा कंद समजून उकडून खाल्ला गेल्याने विषबाधा झाल्या आहेत. आपल्याकडे पावसाळ्याच्या शेवटी टेकडीवरून करांदे, कणगरं खणून आणणाऱ्यांनी खणतानाच वेलीचं पान बघावं. टोकाशी तणावा असेल तर कंद तिथेच सोडावा. कंद एकदा पिशवीत पडला की ओळख पुसली जाते.

विषबाधेची वेळही वेगळी. बचनागात दहा-वीस मिनिटांपासून दोन तासांत तोंडाला मुंग्या, उलट्या, छातीत धडधड, अंगात त्राण नाही. कळलावीत पहिले काही तास माणूस ठीक असतो. मग उलट्या-जुलाब सुरू होतात, एखाद्या दिवसाने जरा बरं वाटतं, आणि नेमक्या त्याच सुमारास अस्थिमज्जा, मूत्रपिंड, हृदय ढासळायला लागतं. त्यातून वाचलेल्यांचे दोन-तीन आठवड्यांनी केस गळतात. दोन्हींवर बाजारात मिळणारा उतारा नाही. मिठाचं पाणी पाजून ओकाऱ्या काढू नयेत, 108 ला फोन करावा आणि उरलेलं मूळ, पान, डबी सोबत न्यावी. नुसतं 'बचनाग खाल्ला' असं सांगितलं तर डॉक्टर ईसीजीवर नजर ठेवतील, दुसऱ्या दिवशी लय सरळ दिसली म्हणून घरी सोडतील, आणि मूळ कळलावीचं असेल तर पांढऱ्या पेशी तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरीच कोसळतील.