विहिरीत पोरांना पोहायला शिकवणं

विहिरीत पोहायला शिकवणं ही महाराष्ट्रात खेडोपाडी चालत आलेली उन्हाळ्याच्या सुट्टीतली पद्धत. कोच नाही, फी नाही, शिकवणारा म्हणजे बाप, चुलता, मामा नाहीतर चार वर्षांनी मोठा चुलतभाऊ. पोर साधारण सहा-सात वर्षांचं झालं की त्याला पाण्यात उतरवतात, आणि जागतिक आरोग्य संघटनासुद्धा ६ वर्षांपुढच्या मुलांना पोहणं आणि सुरक्षित बचाव शिकवा असंच सांगते. विहीर मात्र पायऱ्यांचीच बघायची, कारण शिकणाऱ्याला बसायला आणि धरायला काहीतरी लागतंच.

पाठीला तरंगणारं काहीतरी बांधणं ही यातली सगळ्यात ओळखीची गोष्ट. पूर्वी वाळलेला भोपळा असायचा किंवा पांगाऱ्याचं हलकं लाकूड, आता बहुतेक ठिकाणी तेलाचा ५ लिटरचा कॅन नाहीतर ट्यूब. हिशोब सोपा आहे, रिकामा बंद कॅन पूर्ण पाण्याखाली गेला तर जवळपास ५ किलोचा भार उचलून धरतो आणि माणसाचं अंग पाण्यात तसंही बरंचसं तरंगतं, म्हणून पोराचं तोंड वर राहायला एवढं पुरतं. पण कॅन कुठे बांधलाय यावर सगळं आहे. काखेतून दोरी घेऊन खांद्यांच्या मधोमध आवळला तर ठीक, सैल राहून कमरेखाली सरकला की ढुंगण वर, तोंड पाण्यात, आणि पोराला स्वतःहून सरळ होता येत नाही. झाकण घट्ट आहे का तेही बघायचं. फवारणीच्या औषधाचा कॅन तर वापरूच नये, लोक वापरतात तरी. शिवाय कमरेला वेगळा दोर बांधतात, त्याचं दुसरं टोक पायरीवरच्या मोठ्या माणसाच्या हातात.

सुरुवातीला पायरी धरून नुसते पाय मारायचे. मग तोंड पाण्यात घालून फुगे सोडायचे, आणि खरं तर इथंच घाई होते, कारण पोरं श्वास कोंडून डोकं उंच काढायला बघतात, डोकं वर गेलं की पाय खाली जातात आणि मग कितीही हात मारले तरी पुढं सरकत नाही. श्वास सोडायला जमलं की निम्मं काम झालं. नंतर छोटा कॅन, मग कॅनशिवाय, मोठ्या माणसाच्या हातापासून पायरीपर्यंत, आणि हे अंतर हळूहळू वाढवत न्यायचं. कुठूनही वळून काठाला यायला आलं तरच पोहायला आलं म्हणावं, नुसतं तरंगून काय उपयोग!

"नाकातोंडात पाणी गेल्याशिवाय पोहणं येत नाही" असं म्हणत पोराला न सांगता ढकलून द्यायची पद्धत पण आहे. त्यात काही जण शिकतात, काही कायमचे पाण्याला भितात. आणि बुडणारं पोर ओरडतंच असं नाही, तोंड पाण्याच्या वर-खाली होत असताना आवाज काढायला श्वासच उरत नसतो, त्यामुळे वर गप्पा मारत बसलेल्यांना कळत पण नाही. सूर मारणं, मुटका मारणं (गुडघे पोटाशी घेऊन उडी टाकणं) हे पुढचं. मे महिन्यात पाणी खाली गेलेलं असतं, तळातला दगड जवळ आलेला असतो, तेव्हा डोक्यावर सूर मारला तर मानेला मार बसून माणूस कायमचा अधू होऊ शकतो.

शेततळ्यात मात्र कधीच शिकवू नये. २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेत गावोगावी तळी झाली, त्यातल्या बऱ्याच तळ्यांना आत प्लास्टिकचं अस्तर असतं. विहिरीत कपारी असतात, पायरी असते, इथं उताराचं प्लास्टिक ओलं झालं की बोटंही टेकत नाहीत, पट्टीचा पोहणारासुद्धा वर येता येता दमतो. म्हणून अशा तळ्यात काठावरच्या खुंटाला बांधून गाठी मारलेला दोर चारही बाजूंनी पाण्यापर्यंत सोडून ठेवावा, आणि हवा भरलेली एखादी ट्यूब काठावर कायम असावी.