‘डाउन’ म्हणजे गेला नव्हे: नोडच्या हजेरीची पार्श्वभूमी

अनेक संगणकांवर (नोडवर) पसरलेल्या डेटाबेसमध्ये कोण चालू, कोण बंद हे प्रत्येक नोडला कळावे लागते. त्यासाठी वापरली जाणारी, अफवेसारखी कानोकानी माहिती पसरवायची (गॉसिप) कल्पना 1987 ची. 2002 मध्ये स्विम या हजेरी तपासण्याच्या पद्धतीने त्यात भर घातली: थेट पिंगला (‘आहेस का?’ या विचारणेला) उत्तर आले नाही, तर आणखी काही नोडकरवी विचारायचे आणि मृत ठरवण्याआधी ‘संशयित’ ठेवायचे. 2004 च्या फाय पद्धतीने हो-नाही सोडून संशयालाच आकडा दिला.

कॅसान्ड्रा या डेटाबेसने तीच उचलली. गॉसिप दर सेकंदाला, फायची मूळ मर्यादा 8. हजेरी सरासरी सेकंदाला लागत असेल, तर सुमारे 18 सेकंदांच्या शांततेनंतर नोड ‘डाउन’ दिसतो. मर्यादा 12 केली तर जवळपास 28.

सगळा घोळ या ‘डाउन’ शब्दात आहे. ते एका नोडचे दुसऱ्याबद्दलचे मत असते, क्लस्टरचा (नोडच्या सगळ्या गटाचा) निकाल नव्हे. समजा जळगाव, धुळे आणि नंदुरबारला एकेक नोड आहे. रस्त्याच्या खोदकामात जळगाव-धुळे फायबर तुटली, पण नंदुरबारशी दोघांचा संपर्क शाबूत आहे. धुळ्याची हजेरी नंदुरबारमार्गे जळगावला पोहोचतच राहते. जळगावच्या यादीत धुळे ‘अप’, आणि धुळ्याला पाठवलेले प्रत्येक लेखन टाइमआउट! अशा वेळी नोडटूल स्टेटस (नोडची यादी दाखवणारा आदेश) कुठल्याही नोडवर चालवला तरी सगळे ‘अप’च दिसतात; त्यावरून थेट संपर्क शाबूत आहे असे समजता येत नाही.

मग डाउन नोड यादीतून आपोआप का काढायचा नाही? ॲमेझॉनच्या 2007 च्या डायनॅमो या डेटा साठवण प्रणालीने ते माणसावर सोपवले, कारण बहुतेक नोड परत येतात. निर्णय बरोबरच होता. आपोआप काढले असते, तर खान्देशातल्या भर उन्हाळ्यात तासभर लाइट गेली तरी शेकडो जीबी डेटा इकडून तिकडे वाहू लागला असता. किंमत मात्र आहे. कॅसान्ड्रात हिंट (बंद नोडसाठी इतरांनी राखून ठेवलेली लेखने) मूळ सेटिंगमध्ये 3 तासच साठतात. नोड त्याहून जास्त वेळ बंद राहिला तर परतल्यावर रिपेअर (नोडमधला डेटा पडताळून जुळवणे) चालवावाच लागतो. 10 दिवसांनंतर तर इतर नोडवरच्या टूम्बस्टोन (नोंद खोडल्याच्या खुणा) पुसल्या जाऊ लागतात. तेवढा काळ बंद पडलेला नोड तसाच जोडला, तर खोडलेल्या नोंदी पुन्हा जिवंत होतात. तो रिमूव्हनोड या आदेशाने यादीतून काढून, डिस्क पुसून नव्याने आणावा.

2023 मध्ये कॅसान्ड्राच्या मुख्य कोडमध्ये आलेल्या रचनेत सदस्यत्वाचे बदल गॉसिपऐवजी क्रमवार लॉगमधून जातात. दोन नोड एकाच वेळी जोडताना होणारी टोकनची (कोणता डेटा कोणत्या नोडकडे, या वाटपाची) गफलत त्याने मिटते. डाउन कोण, हे मात्र प्रत्येक नोड अजूनही आपापलेच ठरवतो.