सात तारीख ते सात तारीख

ठाण्यात माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, आमचा महिना एक तारखेला सुरू होत नसे. तो सातला सुरू व्हायचा. वागळे इस्टेटमधल्या कंपन्यांचा पगार सातला होई, आणि त्यामागे मालकाची लहर नव्हती. 1936 च्या वेतन प्रदान कायद्यातच तसं होतं: कामगार हजाराच्या आत असतील तर पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत पगार, जास्त असतील तर दहापर्यंत. त्यामुळे आमच्या चाळीत सातवाली घरं आणि दहावाली घरं असे दोन पंथ होते. दहावाले ते तीन दिवस सातवाल्यांकडून वाटी वाटी साखर, चहापूड उसनी न्यायचे. परत करताना वाटी काठोकाठ आहे ना, हे दोन्ही बाजू डोळ्यांनीच मोजायच्या.

आईच्या हिशेबाच्या वह्या अजून माळ्यावर आहेत. दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या. प्रत्येक महिन्याच्या पानावर तिनं उभ्या रेघा मारून चार घरं केलेली असत: रेशन, वाणी, सोसायटी, गाव. तांदूळ थोडा या घरात, थोडा त्या घरात. तूरडाळ सोसायटीच्या घरात, पण दिवाळीआधी वाण्याच्या. कुळीथ, आमसुलं, पोहे कायम गावच्या घरात. हल्ली "आमच्या आया किती काटकसरी होत्या" असं कौतुकानं बोललं जातं तेव्हा मला ती चार घरं आठवतात. आई काटकसरी होतीच, कोंड्याचा मांडा करण्यात तिचा हात कुणी धरला नसता. पण ती जे पुरवून पुरवून वापरायची ते चार वेगवेगळ्या दिशांनी घरात येत होतं, आणि यातली प्रत्येक दिशा कुणीतरी कधीतरी उभी केलेली होती.

रेशनचं घर सगळ्यात जुनं. दुसऱ्या महायुद्धात जपाननं ब्रह्मदेश घेतला आणि मुंबईला येणारा तिकडचा तांदूळ थांबला. 2 मे 1943 पासून मुंबईत रेशनिंग सुरू झालं. भात खाणाऱ्या कोकणी माणसाला शिध्यात मिळेल ते धान्य शिजवायची सवय तिथून लागली. 1954 मध्ये धान्यावरचं नियंत्रण उठलं, पण दहाएक वर्षांत दुष्काळानं रेशनच्या रांगा पुन्हा लांबल्या. ठाण्यापुरती एक गंमत म्हणजे, जिल्ह्याचं मुख्यालय असूनही ठाणे शहराचं रेशन जिल्ह्याच्या पुरवठा खात्याकडे नाही. ते मुंबईच्या शिधावाटप नियंत्रकांकडे आहे. मुंबई-ठाणे शिधावाटप क्षेत्र असं त्याचं नाव. एरवी ठाण्याला मुंबईत न धरणारे मुंबईकर निदान तांदळापुरते तरी आमचे शेजारी राहिले.

1965-66 च्या दुष्काळात अमेरिकेतून पीएल-480 या तिथल्या अन्नमदतीच्या कायद्याखाली गहू आला. लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक जेवण सोडायला सांगितलं आणि बऱ्याच घरांनी सोमवारी संध्याकाळी चूल पेटवली नाही. काही घरांत तो सोमवार शास्त्रीजी गेल्यावरही चालू राहिला. महादेवाचा वार आधीपासून होताच, त्यामुळे बदल कुणाला जाणवला नाही. मग 1972 चा दुष्काळ आला. राज्यभर दुष्काळी कामं निघाली, सुखडी वाटली गेली, आणि शहरात रेशनवर मिलो आली. मिलो म्हणजे अमेरिकेची लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरायची आणि ताटात येईपर्यंत दगड व्हायची. आई ती उकड काढून, थोडं तांदळाचं पीठ घालून करायची. त्या भाकरीचा विषय निघाला की आमच्याकडे अजूनही कुणीतरी जबडा चोळतं.

त्याच वर्षी मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. समाजवादी मृणाल गोरे, कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर आणि तारा रेड्डी एका व्यासपीठावर आल्या. बायका लाटणी घेऊन मोर्च्याला निघाल्या, ठरलेल्या वेळी घराघरातून थाळ्या वाजल्या. मागण्या अगदी पिशवीतल्या होत्या: तेल, साखर, रॉकेल, आणि रेशनवर खाण्यालायक धान्य. मला या आंदोलनातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. डाळ महाग झाली तर आमटीत पाणी वाढव, हे शहाणपण बाईला पिढ्यान् पिढ्या शिकवलेलं होतं. डाळ महाग का झाली, हे रस्त्यावर येऊन विचारण्याची तिला मुभा नव्हती. लाटणं हातात असताना तिनं तेही विचारलं.

रेशनच्या धान्याला आणखी एक किंमत होती, ती वहीत कुठे लिहिलेली नाही. दुपारी गॅलरीत सुपं घेऊन बायका बसायच्या. तांदळातले खडे, गव्हातलं गवत, किडे, एकदा तर विडीचं थोटूक. चार माणसांच्या घरचं महिन्याचं धान्य निवडायला तीनचार दुपारी जायच्या. स्वस्त धान्य स्वस्त पडायचं ते या दुपारींच्या जिवावर. रॉकेलची रांग वेगळी, ती पहाटेची. गॅस मिळाला की रेशनकार्डावर तसा शिक्का बसायचा आणि रॉकेल कमी व्हायचं, म्हणून गॅसचा नंबर लागल्याचा आनंद आणि रॉकेल गेल्याची हळहळ एकाच दिवशी व्हायची. गॅसचा नंबर तरी कसला, वर्षानुवर्षांची प्रतीक्षा यादी. इंधन वाचवायला कुकर आला. हॉकिन्सचा कारखाना वागळे इस्टेटमध्येच असल्यानं आम्हाला तो गावचाच वाटायचा. खाली डाळ, मध्ये भात, वरच्या डब्यात बटाटे. तीन शिट्ट्या झाल्या की स्टोव्ह बंद, बाकीचं वाफेवर.

दूधही पुरवूनच आलेलं असे, आणि ते पुरवणारं सरकार होतं. म्हशीच्या दुधात पाणी आणि दुधाची भुकटी घालून फॅट कमी करायचं, म्हणजे तेवढ्याच दुधात जास्त घरं भागतात. टोन्ड दूध म्हणतात ते हेच. हा प्रयोग मुंबईत आरेच्या योजनेत दारा खुरोडींनी यशस्वी करून दाखवला आणि मग तो देशभर गेला. सकाळी कार्ड दाखवून बाटल्या आणायच्या, रिकाम्या परत द्यायच्या.

वाण्याच्या घराबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. खातं असायचं, लाल कापडी बांधणीची वही असायची, आणि सातला आधी त्याचा हिशेब चुकता व्हायचा. उधारीला व्याज नव्हतं असं लोक सांगतात. व्याज होतं, ते भावात असायचं. पण वडिलांना पायाचं दुखणं होऊन दोन महिने बिनपगारी घरी बसावं लागलं तेव्हा आमच्या शेठनं पुडी बांधणं थांबवलं नाही, हेही खरं.

सोसायटी म्हणजे कंपनीची पतपेढी आणि तिच्याच आसऱ्यानं चालणारं ग्राहक भांडार. त्यामागे गिरणगावातली जुनी वहिवाट होती. अपना बाजारची सुरुवात 1948 मध्ये नायगावात गिरणी कामगारांनीच केली. एमआयडीसी, म्हणजे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ, 1962 ची, वागळे इस्टेट तिची पहिली वसाहत, आणि तिथे आलेल्या कामगारानं युनियनबरोबर सहकारी भांडारही आणलं. दिवाळीचा बोनस हा तर घराच्या अर्थसंकल्पाचा कणा. 8.33 टक्के हा आकडा आमच्या चाळीतल्या निरक्षर आजीलाही पाठ होता. कायद्यानं ठरवलेला किमान बोनस तेवढा, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, एक जास्तीचा महिना. कपडे, शाळेची फी, पावसाळ्याआधीची छपराची डागडुजी, सगळं त्या तेराव्या महिन्यावर टाकलेलं असे.

1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली तेव्हा ज्यांच्या कंपनीत भांडार नव्हतं त्यांनाही ही सोय झाली. या पंचायतीचं दुकान नसतं. शेजारपाजारची काही कुटुंबं मिळून एक संघ करतात, महिन्याची यादी आणि पैसे आधी देतात, पंचायत घाऊक खरेदी करते आणि माल एका सभासदाच्या घरी उतरतो. तिथून पुढे वाटप सभासदांनीच करायचं. नौपाड्यातल्या माझ्या मावशीकडे असा माल यायचा. त्या दिवशी तिची बाहेरची खोली म्हणजे गोदाम. आगाऊ यादी द्यायची म्हणजे पुढच्या महिन्यात किती साबण लागतील हे आज सांगायचं. मावशी म्हणायची, "यादी चुकली तर महिनाभर चुकलेल्या यादीबरोबर राहायचं." ऐन वेळी काही हवंसं वाटण्याची सोय त्यात नव्हतीच.

चौथं घर गावाचं. त्यात लाल पेन्सिलीनं दरवर्षी मेमध्ये एक शब्द असे: आगोट. पावसाळा लागण्याआधीची बेगमी. कोकणपट्टीत आणि ठाणे-रायगडच्या आगरी-कोळी वस्त्यांत हा शब्द रोजचा होता. पावसात बोटी किनाऱ्याला लागतात, शेतात लावणी, बाजार लांब, म्हणून चार महिन्यांचं आधीच भरून ठेवायचं. तांदूळ, कांद्याच्या माळा, लाकूडफाटा, मसाला, मीठ आणि सुकी मासळी. जवळा, सोडे, सुके बोंबील, वाकट्या. आईची मैत्रीण घणसोलीची. ती डोक्यावर पाटी घेऊन यायची आणि दारातूनच विचारायची, "आगोट भरली का गो?" बोंबील डब्यात ठेवायच्या आधी आई ते कडकडीत उन्हात दोनदा वाळवायची, वर्तमानपत्रात गुंडाळायची आणि पत्र्याचा डबा चिकटपट्टीनं बंद करायची. श्रावणाच्या आधीच्या धो धो पावसात एक बोंबील, दोन बटाटे आणि वाटीभर तांदळाची भाकरी यात पाच माणसं जेवायची. वास मात्र पन्नास माणसांना पुरेल एवढा.

या मैत्रिणीच्या घराला तांदूळ विकत घ्यावा लागत नसे. खाडीकाठची खारजमीन, मिठागरं, मासळी. 17 मार्च 1970 ला नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतली 95 गावं नव्या शहरासाठी घेतली गेली. जानेवारी 1984 मध्ये जासईला शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या, जमिनी गेलेल्यांच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जण गेले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. मोबदल्याचा हिशेब अजून चालू आहे. पण त्या घराच्या महिन्याच्या यादीत घडलेला बदल कुठल्या कागदावर नाही: यादीच्या पहिल्या ओळीत तांदूळ आला. ज्यांनी आयुष्यभर तांदूळ दिला होता त्या माणसांना तो किलोच्या भावानं घ्यावा लागला. ती एकदा आईला म्हणाली, "पिशवी घेऊन तांदूळ आणायला जायची लाज वाटते."

वहीतली बाकीची घरंही एकेक करून रिकामी झाली. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. कळवा, डोंबिवली, दिव्यापर्यंत राहणाऱ्या गिरणी कामगारांनी मुलं गावी धाडली. पुढच्या वीस वर्षांत वागळे, पोखरण रोड, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्यांची शटरं पडत गेली. वडिलांची 1994 ला पडली. त्या महिन्याच्या पानावर आईनं सोसायटीच्या घरावर फुली मारलीय. फुली नीट, पट्टी लावून. ठाण्यातली रेमंडची गिरणी 2009 मध्ये थांबली आणि आता तिथे टॉवर आहेत.

रेशनचं घर कागदावर राहिलं. 1997 मध्ये केंद्रानं गरीब आणि बाकीचे अशी विभागणी केली आणि 1999 मध्ये राज्यात तीन रंगांची कार्डं आली: वर्षाला 15 हजारांपर्यंत पिवळं, एक लाखापर्यंत केशरी, त्यावर पांढरं. पांढऱ्यावर धान्य नाही. मध्यमवर्ग रांगेतून बाहेर पडला तो तेव्हा, आणि माझ्या मते रेशनच्या तांदळाबद्दल आरडाओरडा करणारा आवाजही त्याच्याबरोबर गेला. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी पाच किलो धान्य हक्काचं केलं, पण राज्यानं शहरात त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 59 हजार ठेवली. महिन्याला पाच हजारांच्या आत. ठाण्यात एवढ्यात भाड्याची खोलीही मिळत नाही.

मध्ये मध्ये स्वस्त ताटं आली. 1995 मध्ये एक रुपयात झुणका-भाकर, 26 जानेवारी 2020 पासून दहा रुपयांची शिवभोजन थाळी. दोन चपात्या, भाजी, वरण, भात. कोरोनात ती आधी पाच रुपयांना, नंतर काही काळ फुकट मिळाली. हातावर पोट असलेल्याला तिचा आधार झाला. पण ताट एकट्याचं पोट भरतं, त्यानं घरातला डबा भरत नाही.

आगोट मात्र चिवट निघाली. धान्य, मसाल्याचे घाऊक बाजार मशीद बंदरहून वाशी-तुर्भ्याला आले आणि एप्रिल-मेमध्ये ठाण्या-नवी मुंबईच्या बायकांची पावलं मसाला मार्केटकडे वळू लागली. बेडगी रंगासाठी, लवंगी तिखटासाठी, संकेश्वरी दोन्हींच्या मधली. मिरच्या गच्चीत वाळवायच्या, देठं खुडायची, मग डंकावर कुटून आणायच्या. डंकाच्या खोलीत शिरताना पदर नाकाला लावायचा, आणि आपला मसाला कुटून होईपर्यंत तिथून हलायचं नाही. दुसरीच्या मिरच्या आपल्यात यायला नकोत.

यंदा मेमध्ये आमच्या इमारतीच्या ग्रुपवर पाचव्या मजल्यावरच्या मुलीचा निरोप आला: तीस किलोचा तांदळाचा कट्टा घेतेय, अर्धा कोणाला हवा? आयटीतली मुलगी, मार्चमध्ये नोकरी गेलेली. तासाभरात आम्ही चौघी झालो. संध्याकाळी जिन्याच्या वळणावर कट्टा उसवला आणि विमानाच्या बॅगा मोजायच्या तिच्या हुकाच्या काट्याला पिशव्या लटकवून वाटे केले. तळाला ओंजळभर तांदूळ जास्तीचा निघाला. तो कुणी घ्यायचा यावर पाच मिनिटं नको नको झालं, आणि मग आईनं, वय 81, खुर्चीतून हात पुढे करून सांगितलं, "इकडे द्या, निवडून ठेवते."