लाळ, जव आणि आयोडीन: स्टार्चच्या पचनाचा शोध
अठराव्या शतकात पचन म्हणजे जठर, हाच समज होता. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूरने १७५२ मध्ये घारीकडून जठररस मिळवला, पुढे इटलीत स्पालान्झानीने ते काम वाढवले. पण दोघांची नजर मुख्यतः मांसावर. लाळ घास भिजवते, एवढेच तिचे काम समजले जाई. मांस विरघळताना डोळ्यांना दिसते, स्टार्चची साखर होताना दिसत नाही.

ते दाखवले आयोडीनने. १८११ मध्ये कूर्त्वाला ते समुद्री वनस्पतींच्या राखेत सापडले आणि १८१४ मध्ये स्टार्च त्याने निळा होतो हे नोंदले गेले. निळा रंग गेला की स्टार्च संपला! त्याच सुमारास सेंट पीटर्सबर्गमध्ये किर्खहोफने स्टार्च सौम्य गंधकाम्लात उकळून साखर केली. मग त्याला आढळले, की आम्लाऐवजी धान्यातले ग्लूटेन घालून नुसते कोमट ठेवले तरी तेच होते. १८३१ मध्ये लॉइक्सने शिजवलेल्या स्टार्चवर लाळेचा तसाच परिणाम पाहिला. १८३३ मध्ये पायेन आणि पेर्सो यांनी मोड आलेल्या जवाच्या अर्कात अल्कोहोल ओतले. खाली बसलेला पांढरा साका पाण्यात विरघळवला, तर तो पुन्हा स्टार्च फोडू लागला. त्याला त्यांनी ‘डायास्टेज’ म्हटले. १८४५ मध्ये मियाल्हने हीच अल्कोहोलची युक्ती माणसाच्या लाळेवर वापरली. पाठ्यपुस्तकांतले ‘टायलिन’ ते हेच. आजचे नाव अल्फा-अमायलेज. मोड आणलेल्या नाचणीच्या पिठाची पेज पातळ होते, तीही याच जातीच्या विकरामुळे (एन्झाइममुळे).

स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या कड्यांची फांद्या असलेली साखळी. हे विकर कड्यांना सरळ जोडणारे १,४ बंध मधूनच तोडते, फांद्या जोडणारे १,६ बंध त्याला तुटत नाहीत. म्हणून तोंडात माल्टोज (दोन कड्यांची साखर), माल्टोट्रायोज (तीन कड्यांची) आणि फांद्यांचे तुकडे म्हणजे डेक्स्ट्रिन तयार होतात. ग्लुकोज जवळजवळ नाही. ‘लाळेने स्टार्चचे ग्लुकोज होते’ हे वाक्य चूकच. जठरातले आम्ल विकराला निकामी करते, पण घासाच्या आत आम्ल झिरपेपर्यंत काम चालू राहते.

जुना प्रयोग आजही प्रयोगशाळेत होतो: १ टक्का शिजवलेला स्टार्च, दहापट पातळ केलेली लाळ, ३७ अंश सेल्सिअस, आणि दर ३० सेकंदांनी एक थेंब आयोडीनमध्ये. निळा, जांभळा, तांबूस आणि शेवटी रंगच नाही. लाळ पातळ न करता घातली तर पहिल्याच थेंबाला खेळ संपतो. गरम नमुना तपासू नये, कारण उष्णतेनेच निळा रंग उडतो आणि पचन झाल्याचा भास होतो. ऊर्ध्वपातित पाण्यात लाळ फार पातळ केली की विकराला लागणारे क्लोराइड कमी पडून ते मंदावते. म्हणून चिमूटभर मीठ घालतात. सोबत उकळलेल्या लाळेची नळी हवीच, कारण उकळल्यावर विकर निकामी होते. तिच्यातला निळा रंग गेला, तर दोष प्रयोगाचा. आणि रंग जाणे म्हणजे फक्त स्टार्च संपणे. साखर झाली का, हे बेनेडिक्ट द्रावणात तापवूनच कळते.

सगळ्यांच्या लाळेला सारखाच वेळ लागत नाही. त्याचे एक कारण जनुकांत आहे: लाळेतल्या अमायलेजच्या जनुकाच्या प्रती माणसागणिक कमीजास्त असतात. स्टार्च भरपूर खाणाऱ्या समाजांत त्या सरासरीने जास्त आहेत, असे २००७ मध्ये दिसून आले.